सुरुंगाच्या दारूपासून इमल्शनपर्यंत : औद्योगिक स्फोटकांची वाटचाल

दख्खनच्या काळ्या खडकात विहीर खोदणाऱ्या शेतकऱ्याला ‘जिलेटिनची कांडी’ हा शब्द नवा नाही. वरची माती व मुरूम कुदळ-फावड्याने निघतो. दोन-तीन परस खाली गेल्यावर कठीण पाषाण लागला, की पहार व घण यांचे चालेनासे होते आणि सुरुंग लावणाऱ्यास बोलवावे लागते. खडकात छिद्रे पाडली जातात, त्यांत कांड्या बसवून वरून माती ठासली जाते, माणसे व गुरे दूर नेली जातात आणि बार उडतो. ही कांडी गावोगाव एवढी परिचित झाली आहे, की तिच्या नावाविषयी कोणास शंका येत नाही. वास्तविक आज बाजारात मिळणाऱ्या कांडीत मूळचे जिलेटिन मुळीच नसते. नायट्रोग्लिसरीनपासून बनणारी ती जुनी स्फोटके तयार करण्यास आणि जवळ बाळगण्यास आपल्या देशात २००४ पासून बंदी आहे. नाव तेवढे मागे राहिले, आतील वस्तू पालटली.

हा पालट का घडून आला, हे समजून घ्यावयाचे तर स्फोटकांचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागेल. या इतिहासात एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते. प्रचंड शक्तीचे द्रव्य हाती येण्यास मनुष्यास फार काळ लागला नाही. परंतु ती शक्ती आपण सांगू तेव्हाच आणि सांगू तेथेच प्रकट व्हावी, एरवी ती निद्रिस्त असावी, हे साधण्यास पुढे दीडशे वर्षे लागली. त्या दीडशे वर्षांतील जवळजवळ प्रत्येक सुधारणेमागे एखादा अपघात उभा आहे.

स्फोटके येण्यापूर्वी खडक फोडण्याचा मार्ग म्हणजे अग्नी. खडकापाशी लाकडे रचून तो तापवावयाचा व त्यावर पाणी ओतावयाचे, म्हणजे त्यास भेगा पडत. काही ठिकाणी लाकडी पाचरी ठोकून त्या भिजवीत. लाकूड फुगले की दगड दुभंगे. सोरा, गंधक व कोळसा यांच्या मिश्रणाची दारू चीनमध्ये नवव्या शतकाच्या सुमारास माहीत झाली होती आणि १०४४ मधील एका चिनी युद्धग्रंथात तिची कृतीही नोंदलेली आहे. तरीही खाणीत खडक फोडण्यासाठी ती वापरण्याची कल्पना फार उशिरा रुजली. याची पहिली विश्वसनीय नोंद १६२७ ची आहे. तत्कालीन हंगेरीच्या राज्यातील आणि आज स्लोव्हाकियात असलेल्या बान्स्का श्टियाव्हनित्सा येथील खाणीत कास्पार वाइन्डल याने त्या वर्षी फेब्रुवारीत सुरुंग उडवून दाखविला. आतषबाजीची व तोफांची दारू अशा रीतीने उद्योगाची झाली.

या दारूतील मुख्य घटक म्हणजे सोरा, आणि सोऱ्याच्या बाबतीत हिंदुस्थान हा जगाचा मोठा पुरवठादार होता. बिहारमध्ये गावालगतच्या, गुरांच्या गोठ्यांच्या आसपासच्या खारट मातीतून नोनिया समाजाचे लोक पाण्याने तो विरघळवून काढीत व आटवीत. पाटण्याहून डच व इंग्रज कंपन्या तो गलबतांतून युरोपास नेत. १७५७ नंतर बंगाल-बिहारवर इंग्रजांचा ताबा बसला आणि हा व्यापारही त्यांच्या मुठीत गेला. त्यामुळे फ्रान्ससारख्या देशास आपल्या घरचा सोरा तयार करण्याच्या खटपटीस लागावे लागले. युरोपातील कित्येक लढाया आणि खाणी बिहारच्या मातीवर चालल्या, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

काळ्या दारूचा गुण व दोष एकाच ठिकाणी आहे. ती जळते, फार वेगाने जळते, पण जळतेच. बंद छिद्रात तिचा वायू कोंडतो व खडकास ढकलून फोडतो. म्हणून तिला मंद स्फोटक म्हणतात. ठिणगी पडताच ती पेट घेते आणि ओलावा लागला की निकामी होते. खाणीतील कामगार गवताच्या काडीत किंवा पिसाच्या नळीत दारू भरून वात करीत. अशी वात कधी सेकंदात जळून जाई, तर कधी मध्येच विझल्यासारखी होऊन, माणूस पाहावयास परत आला की बार उडवी. इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या कथिलाच्या व तांब्याच्या खाणींत या कारणाने माणसे वारंवार आंधळी व लुळी होत. तेथे राहणारा विल्यम बिकफर्ड हा चामड्याचा व्यापारी. खाणीशी त्याचा धंद्याने संबंध नव्हता. दोर वळणाऱ्याचे काम पाहून, तागाच्या दोरीच्या गाभ्यात दारूची बारीक धार सोडून ती वळण्याची युक्ती त्यास सुचली. १८३१ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. ही दोरी ठरावीक गतीने, फुटास सुमारे अर्धे मिनिट या वेगाने जळे. दोरी किती फूट कापावी, हे ठरविले की पळण्यास किती वेळ मिळणार हेही ठरले. आपल्याकडे सुरुंगवाले जिला ‘वात’ म्हणत आले, ती हीच.

या काळ्या दारूने केलेले एक मोठे काम आपल्या अगदी जवळ आहे. मुंबई-पुणे लोहमार्गावरील बोरघाट १८५६ ते १८६३ या वर्षांत फोडला गेला. तेव्हा डायनामाइटचा जन्म झालेला नव्हता. सह्याद्रीच्या बेसाल्ट खडकात छिन्नी-हातोड्याने छिद्रे पाडावयाची, दारू ठासावयाची आणि वात पेटवून दूर पळावयाचे, या पद्धतीने सुमारे पंचवीस बोगदे काढण्यात आले. पाय ठेवण्यास जागा नाही अशा कड्यांवरून माणसांना दोराने खाली सोडून छिद्रे घ्यावी लागत. काम ऐन भरात असताना चाळीस हजारांहून अधिक मजूर घाटात होते. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हा येथे आल्यानंतर थोड्याच दिवसांत मरण पावला व त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवून तडीस नेला. सुरुंग, कडे कोसळणे व पटकीची साथ यांनी किती मजूर गेले याची नावनिशी कोठेही नाही. खंडाळ्याहून जाताना आगगाडीच्या खिडकीतून जे दिसते, त्यात हाही भाग आहे.

बोरघाटाचे काम सुरू होण्याच्या आधीच, १८४७ मध्ये, इटलीतील तुरीन येथे अस्कानियो सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञाने ग्लिसरीनवर आम्लांची क्रिया करून एक तेलकट द्रव बनविला होता. हेच नायट्रोग्लिसरीन. याचे वर्तन काळ्या दारूहून सर्वस्वी निराळे. दारू कणाकणाने पेटत जाते. येथे मात्र आघाताची लाट द्रव्यातून सेकंदाला सुमारे सात-साडेसात किलोमीटर वेगाने धावते आणि तिच्या मार्गातील सर्व द्रव्याचे क्षणार्धात तप्त वायूत रूपांतर होते. अशा स्फोटकाने खडक ढकलला जात नाही, तो चिरडला जातो. अशा द्रव्यांना उच्च स्फोटके म्हणतात. सोब्रेरो आपल्याच शोधास भ्याला. परीक्षानळीतील थोड्याशा द्रवाच्या स्फोटाने त्याच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण राहिले होते. हा पदार्थ व्यवहारात येऊ नये, असेच त्याचे मत होते.

स्वीडनच्या आल्फ्रेड नोबेलने तो व्यवहारात आणला. नोबेलचे नाव आज पारितोषिकांमुळे शाळेतील मुलांच्याही तोंडी आहे. परंतु त्याची प्रारंभीची वर्षे किती दारुण होती, हे फारसे सांगितले जात नाही. १८६४ च्या सप्टेंबर महिन्याच्या ३ तारखेस स्टॉकहोममधील हेलेनेबोर्ग येथे त्यांच्या कुटुंबाच्या कार्यशाळेत स्फोट होऊन त्याचा वीस वर्षांचा धाकटा भाऊ एमिल व आणखी चार माणसे ठार झाली. शहराच्या हद्दीत हा पदार्थ बनविण्यास मनाई झाली. तेव्हा नोबेलने मेलारेन सरोवरात एका तराफ्यावर उत्पादन चालू ठेवले. किनाऱ्यावरील लोकांनी तक्रार केली की तराफा दुसरीकडे न्यावा लागे. पुढे जर्मनीत हांबुर्गजवळ क्र्युमेल येथे त्याने कारखाना काढला, तोही १८६६ मध्ये उडाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पनामाच्या अस्पिनवॉल बंदरात नायट्रोग्लिसरीन असलेल्या जहाजावर स्फोट झाला. आणि थोड्याच दिवसांनी सान फ्रान्सिस्को येथे एका मालवाहतूक कचेरीत गळू लागलेली पेटी हातोडी-छिन्नीने उघडू जाता सुमारे पंधरा माणसे मेली. पेटीत काय आहे, हे तेथे कोणास ठाऊकच नव्हते.

या अपघातांनंतर कॅलिफोर्नियात या द्रवाची वाहतूक दुष्कर झाली. परंतु त्याच सुमारास सिएरा पर्वतातील ग्रॅनाइट फोडून लोहमार्ग नेण्याचे काम चालू होते आणि काळ्या दारूने ते इंच-इंच पुढे सरकत होते. तेव्हा १८६७ मध्ये जेम्स हाउडन नावाच्या रसायनतज्ज्ञास बोगद्याशीच बसवून तेथल्या तेथे द्रव तयार करवून घेण्यात आला. वाहतूकच नको, म्हणजे वाहतुकीतील धोकाही नको, हा तो विचार. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिची पुढे गाठ पडणार आहे.

नोबेलने दोन शोध लावले आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांतील पहिला अधिक मोलाचा आहे, जरी कीर्ती दुसऱ्याची झाली. नायट्रोग्लिसरीन नुसते पेटविल्याने भरवशाने उडत नसे. त्यास जोराचा आघात हवा, हे ओळखून नोबेलने १८६३ ते १८६५ या काळात एक लहानशी टोपी सिद्ध केली. तांब्याच्या नळीत पाऱ्याचे फल्मिनेट हे अतिसंवेदनशील द्रव्य किंचित भरावयाचे, त्यास वात जोडावयाची. टोपी उडाली की तिच्या धक्क्याने मोठा साठा उडतो. हाच डिटोनेटर, ज्यास आपल्याकडील कामगार ‘केप’ किंवा ‘टोपी’ म्हणतात. यामुळे एक महत्त्वाची फारकत झाली. नाजूक द्रव्य अगदी थोडे व वेगळे ठेवता येऊ लागले आणि मोठा साठा जितका मठ्ठ करता येईल तितका करण्याची वाट मोकळी झाली. टोपी व कांडी एका पेटीत, एका गाडीत वा एका कोठारात ठेवू नयेत हा जो नियम आजही कटाक्षाने पाळावा लागतो, त्याचे मूळ येथे आहे.

दुसरा शोध डायनामाइटचा. द्रव सांडतो, गळतो, आदळतो. तो एखाद्या घन पदार्थात शोषून घेतला तर? लाकडाचा भुसा, कोळशाची पूड असे प्रयोग करीत नोबेल अखेर कीझेलगूर या मातीपाशी आला. उत्तर जर्मनीत सापडणारी ही माती म्हणजे सूक्ष्म जलवनस्पतींच्या कवचांचा थर. ती सच्छिद्र असते व पुष्कळ द्रव शोषूनही चिखल न होता कणकेसारखी राहते. १८६७ मध्ये त्याने याचे पेटंट घेतले. गळणाऱ्या डब्याभोवतीच्या मातीत द्रव मुरलेला पाहून हा शोध अपघाताने लागला, अशी कथा प्रचलित आहे. नोबेलने स्वतः ती नाकारली होती. पुढे १८७५ मध्ये त्याने नायट्रोग्लिसरीनमध्ये एक प्रकारचा नायट्रोकापूस विरघळवून चिवट, पाण्यातही टिकणारे व डायनामाइटहून बलवान असे ‘ब्लास्टिंग जिलेटिन’ बनविले. आपली जिलेटिनची कांडी ती हीच. खाद्यपदार्थांत घालतात त्या जिलेटिनशी तिचा काहीही संबंध नाही. केवळ रूपावरून ते नाव पडले. आल्प्स पर्वतातील पंधरा किलोमीटर लांबीचा गॉटहार्ड बोगदा १८७२ ते १८८२ या दहा वर्षांत निघाला, तो या नव्या स्फोटकांच्या बळावर.

स्कॉटलंडमधील आर्डीर येथे नोबेलच्या कंपनीने १८७० नंतर उभारलेला कारखाना दीर्घकाळ जगातील मोठ्या कारखान्यांपैकी एक होता. वाळूच्या टेकड्यांत एकमेकींपासून दूर अशा लहान खोल्या बांधून प्रत्येकीभोवती मातीचा उंच बांध घातलेला असे. एक खोली उडाली तरी धक्का वर जावा, शेजारी पोचू नये, हा हेतू. कामास येणाऱ्या स्त्रियांच्या केसांतील आकडे, टाचण्या दारातच काढून घेतल्या जात. नायट्रोग्लिसरीन तयार होत असता त्याची उष्णता मर्यादेबाहेर गेल्यास सर्वनाश ओढवे, म्हणून उष्णतामापकावर नजर ठेवणारा एक माणूस सतत बसलेला असे. त्यास बसण्यास एकाच पायाचे स्टूल दिलेले होते. डोळा लागला की तो खाली पडे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात एवढे स्वस्त आणि खात्रीचे सुरक्षासाधन क्वचितच सापडेल.

असे असूनही जिलेटिनचे अवगुण सुटले नाहीत. थंडीत त्यातील नायट्रोग्लिसरीन गोठे व हाताळणे धोक्याचे होई. फार दिवस पडून राहिल्यास कांड्यांना घाम आल्यासारखे तेल सुटे, आणि ते तेल म्हणजे पुन्हा तोच भयंकर द्रव. हाताळणाऱ्यांची डोकी ठणकत, कारण हा पदार्थ त्वचेतून शरीरात जाऊन रक्तवाहिन्या रुंदावतो. याच गुणामुळे तो हृदयविकारावरील औषध ठरला. आणि उतारवयात खुद्द नोबेललाच डॉक्टरांनी ते औषध सुचविले, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा.

खरा पालट घडविला तो अमोनियम नायट्रेट या शेतीच्या खताने. १९१३ मध्ये जर्मनीतील ओप्पाउ येथे हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनविण्याचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला आणि नायट्रेटे विपुल व स्वस्त झाली. हा क्षार इतका शांत, की त्यास कोणी स्फोटक मानावयास तयार नव्हते. ओप्पाउ येथेच या क्षाराचे मिश्रण असलेल्या खताचा ढीग दगडासारखा घट्ट झाला की लहान सुरुंग लावून तो सैल करीत. असे हजारो वेळा केले होते व काहीही घडले नव्हते. २१ सप्टेंबर १९२१ रोजी मात्र तो ढीग उडाला आणि पाचशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. १६ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी बंदरात ग्रँडकँप या जहाजावरील याच खतास आग लागली. माल भिजून खराब होऊ नये म्हणून पाण्याऐवजी झाकणे बंद करून वाफ सोडण्यात आली. स्फोटात पुन्हा पाचशेहून अधिक बळी गेले.

या आपत्तींतून खाणउद्योगाने वेगळाच धडा घेतला. जो पदार्थ एवढा मठ्ठ आहे आणि तरीही एवढ्या शक्तीचा आहे, तोच आपल्यास हवा. १९५५ च्या सुमारास अमेरिकेतील उघड्या खाणींत अमोनियम नायट्रेट व खनिज तेल यांचे मिश्रण वापरात आले आणि काही वर्षांतच डायनामाइट मागे पडले. त्याचा मोठा दोष एकच, तो म्हणजे पाण्याने विरघळणे. यावर मेल्व्हिन कुक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६-५७ च्या सुमारास जो उपाय काढला, तो विलक्षण होता : स्फोटकातच पाणी घालून त्याचा घट्ट लगदा करावयाचा, म्हणजे बाहेरचे पाणी आत शिरत नाही. काळी दारू कोरडी राहावी म्हणून ज्यांनी आयुष्ये घालविली, त्या जुन्या सुरुंगवाल्यांना हे सांगितले असते तर ते हसले असते. त्यापुढची पायरी म्हणजे १९६९ मध्ये पेटंट झालेले इमल्शन. क्षाराच्या पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब तेलात अडकवून केलेला हा पदार्थ लोण्यासारखा दिसतो. मोठ्या खाणींत आज टाकी असलेली मोटार घेऊन येते तो माल स्वतः स्फोटक नसतो. छिद्रात उतरताना त्यात बारीक बुडबुडे निर्माण केले जातात व तेथे तो स्फोटक बनतो. हाउडनने सिएरा पर्वतात जे केले, त्याचेच हे निर्धोक रूप होय.

आपल्या देशात स्वातंत्र्योत्तर काळापर्यंत औद्योगिक स्फोटके मुख्यतः विलायतेहून येत. धरणे, कोळसा व पोलाद यांच्या योजना हाती घेतल्यावर हे परावलंबन परवडणारे नव्हते. १९५८ मध्ये तेव्हाच्या बिहारमधील आणि आताच्या झारखंडमधील गोमिया येथे पहिला कारखाना सुरू झाला. १९६१ मध्ये हैदराबाद येथे डिटोनेटरच्या कारखान्याची कंपनी स्थापन झाली. आज नागपूर परिसर हे या उद्योगाचे देशातील एक प्रमुख केंद्र आहे.

या सर्वांवर देखरेख करणारे कायदे जुने आहेत. १८८४ चा स्फोटक अधिनियम आजही मूळ आधार आहे. १८९८ मध्ये स्थापन झालेला स्फोटक विभाग आज पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना या नावाने ओळखला जातो व त्याचे मुख्यालय नागपूर येथे आहे. २००८ च्या नियमांनुसार उत्पादन, साठा, वाहतूक, विक्री व वापर या सर्वांस परवाना लागतो. कोठारासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. कोठार व वस्ती यांतील अंतर साठ्याच्या प्रमाणात ठरते. गावकऱ्यांना कधीकधी ही अंतरे कागदी वाटतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन हे जहाज उडाले. त्यावर सुमारे चौदाशे टन युद्धोपयोगी स्फोटके व त्यांच्याच शेजारी कापसाच्या गासड्या भरलेल्या होत्या. आग कापसास लागली. त्या दिवशी ६६ अग्निशामक जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ अग्निशमन सप्ताह दरवर्षी याच तारखेस सुरू होतो. अमोनियम नायट्रेटसाठी २०१२ मध्ये स्वतंत्र नियम आले. आणि २०२० च्या ४ ऑगस्टला बैरूत बंदरात वर्षानुवर्षे पडून राहिलेले २,७५० टन अमोनियम नायट्रेट उडाले, तेव्हा त्या नियमांची गरज निराळी सांगावी लागली नाही.

स्फोटकांनी सर्वच कामे होतात असेही नाही. गोव्यात व दक्षिण कोकणात जांभ्याचे चिरे कापूनच काढावे लागतात. सुरुंग लावल्यास दगडाचा चुरा होईल. १९९० ते १९९८ या काळात कोकण रेल्वे बांधताना रत्नागिरीजवळच्या कठीण खडकातील साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा सुरुंगांनी निघाला. परंतु त्याच्या चौथा हिस्साही लांबी नसलेल्या पेडण्याच्या बोगद्याने अभियंत्यांना वर्षानुवर्षे झुंजविले, कारण तेथे डोंगराच्या पोटात पाण्याने भिजलेली मऊ माती होती व ती हातांनीच काढावी लागली. याउलट कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली बोगदा नेऊन शेवटची खडकाची भिंत १३ मार्च १९९९ रोजी आणि दुसऱ्या वेळी २५ एप्रिल २०१२ रोजी एकाच स्फोटाने उडविण्यात आली व धरण रिकामे न करता पाणी बोगद्यात घेण्यात आले. बोरघाटातील मजुराच्या वातीपासून येथपर्यंतचे अंतर मोठे आहे.

खेड्यातील वाचकांचा या विषयाशी संबंध येतो तो विहीर, रस्ता व दगडाची खाण या ठिकाणी. परवानाधारक सुरुंगवाल्यासच काम द्यावे व त्याचा परवाना पाहण्यास संकोच करू नये. लाल निशाण व भोंगा यांचा अर्थ मुलांना समजावून सांगावा. किती छिद्रे भरली व किती बार ऐकू आले यांची मोजदाद जुळली नाही, तर एखादे छिद्र न उडता राहिले आहे असे समजावे. अशा वेळी सुरुंगवाल्याने सांगितल्यावाचून कोणीही जवळ जाऊ नये आणि त्या छिद्रात पुन्हा पहार घालू नये. शिक्षकांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. आजची कांडी बरीच शांत झाली असली, तरी टोपी शांत झालेली नाही, तशी ती होऊ शकतही नाही. चकाकणारी, करंगळीपेक्षाही बारीक अशी ती नळी मुलांना खेळण्यासारखी वाटते आणि दगडाने ठेचून पाहण्याचा मोह होतो. बोटे व डोळे जाण्यास तेवढे पुरते. खाणीजवळच्या शाळांतून अशी नळी किंवा तारा मुलांना दाखवून नव्हे, तर फळ्यावर चित्र काढून ओळखावयास शिकवावी. सापडल्यास हात न लावता जागेवर खूण करावी, एका मोठ्या माणसास तेथे थांबवावे व जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावे.